एकट्याची वाट

शास्त्रपाठ : लूक १०:१–११, प्रेषितांची कृत्ये ८:२६–४०



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या भागातील एका तरुण सुवार्तिकास मी ओढ्यापलीकडच्या एका वस्तीत जावयास सांगितले. त्या वस्तीत आपले एकही घर नाही, आणि पूर्वी तेथे गेलेल्या एका भावास शिवीगाळ सोसून परत यावे लागले होते. ते मास्तर थोडा वेळ उगेच राहिले. मग त्यांनी पवित्र शास्त्र उघडून लूकच्या दहाव्या अध्यायावर बोट ठेविले आणि म्हटले, "पाळकसाहेब, प्रभूने सत्तर जणांस दोघेदोघे करून पाठविले आहे. मग मला एकट्याला का धाडता?"

मी त्यांना फिलिप्पाचे उदाहरण दिले. गाझाच्या ओसाड वाटेवर देवाच्या दूताने त्याला एकट्यालाच जावयास सांगितले, आणि कूशी देशाचा अधिकारी रथात बसून यशया वाचीत असलेला त्यास भेटला, हे आपण सर्व जाणता. मास्तरांनी मान डोलविली. वादात मी जिंकलो, परंतु त्यांचे मन काही जिंकिले गेले नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. त्या रात्री मला झोप आली नाही. कंदील लावून मी साधु सुंदरसिंग यांचे चरित्र पुन्हा काढून वाचीत बसलो. कारण एकट्याने देशोदेशी हिंडलेला आपल्या हिंदी मंडळीतला असा दुसरा मनुष्य मला ठाऊक नाही.

त्यांची आरंभीची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकिली असेल, म्हणून ती थोडक्यात सांगतो. पतियाळा संस्थानातील रामपूर गावी एका सधन शीख घराण्यात ३ सप्टेंबर १८८९ रोजी त्यांचा जन्म झाला. आई मोठी भाविक होती. आपला हा मुलगा साधु व्हावा असे तिच्या मनात होते. ती लवकर वारली, आणि मुलाचे मन कडू झाले. डिसेंबर १९०४ मध्ये त्याने शुभवर्तमानाचे पुस्तक जाळले. त्यानंतर तीनच दिवसांत, आगगाडीखाली जीव द्यावयाचा असा निश्चय करून पहाटे प्रार्थना करीत असता, त्यास प्रभूचे दर्शन घडले. सोळाव्या वाढदिवशी, म्हणजे ३ सप्टेंबर १९०५ रोजी, सिमल्यास बाप्तिस्मा झाला. आणि पुढल्याच महिन्यात भगवी कफनी अंगावर घालून अनवाणी पायांनी ते वाटेस लागले. आईची इच्छा अशा रीतीने पुरी झाली. तिच्या मनात हे नव्हते. परंतु देव आयांच्या इच्छा कोणत्या मार्गाने पुरवितो, हे आपणांस कोठे ठाऊक असते?

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. आरंभी त्यांनाही सोबती होता. सॅम्युएल स्टोक्स नावाचे एक अमेरिकन गृहस्थ काही काळ त्यांच्याबरोबर साधुवृत्तीने हिंडले, महारोग्यांची सेवा केली. (हेच स्टोक्स पुढे कोटगड येथे राहिले आणि त्यांनी त्या डोंगरांत सफरचंदांची लागवड चालू केली.) तेव्हा एकटेपणा हे सुंदरसिंगांचे व्रत नव्हते. सोबती मिळाला तेव्हा त्यांनी तो आनंदाने घेतला. नाही मिळाला तेव्हा बसून राहिले नाहीत, इतकेच. १९०८ साली ते प्रथम तिबेटात शिरले. परक्या धर्मोपदेशकास तो देश तेव्हा बंद होता. सरहद्दीजवळच्या पू गावी मोरेव्हियन मिशनऱ्यांनी त्यांना मदत केली. पुढे बर्फाची खिंड, सातूचे पीठ, लोणी घातलेला चहा आणि दर ठिकाणी संशयाने पाहणारे डोळे. त्याच वर्षी पॅलेस्टाईनास जाण्याच्या आशेने ते मुंबईपर्यंत आले, आणि जाणे घडत नाही असे कळल्यावर आल्या वाटेने उत्तरेस परतले. चौदा वर्षे त्या दर्शनाची वाट पाहावी लागली.

एवढे झाल्यावर प्रवासाचा मोठा भाग येतो. १९१८ साली ते दक्षिण हिंदुस्थानातून सिलोनास गेले, तेथून ब्रह्मदेश, मलाया, सिंगापूर, जपान आणि चीन. ज्याची मायबोली पंजाबी आणि जो उर्दूत उपदेश करी, तो मनुष्य तमिळ, सिंहली, बर्मी, जपानी, चिनी अशा एकाहून एक निराळ्या भाषांच्या लोकांपुढे उभा राहिला. दुभाष्याच्या तोंडून बोलावे लागले. आपल्या सुवार्तिकांस पलीकडच्या तालुक्यातील बोली नीट समजत नाही म्हणून संकोच वाटतो, त्यांनी हे मनात आणावे.

पुढे जानेवारी १९२० मध्ये मुंबईच्या बंदरातून ते विलायतेस निघाले. तिकिटाचे पैसे कोणी दिले म्हणाल? ज्या बापाने ख्रिस्ती झाल्याबद्दल मुलाला घराबाहेर काढिले होते, त्याच सरदार शेरसिंगांनी. मधल्या काळात बापही प्रभूजवळ आला होता. मला या साऱ्या प्रवासात हीच गोष्ट सर्वांत अद्भुत वाटते. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची दारे बाप्तिस्म्याच्या दिवशी बंद झाली आणि अद्याप उघडली नाहीत. ती कधी उघडतील हे मी सांगू शकत नाही. सुंदरसिंगांच्या घरचे दार उघडण्यास जवळजवळ चौदा वर्षे लागली, आणि तितकी वर्षे ते दार ठोठावीत बसले नव्हते, आपल्या कामावर चालत होते.

बरोबर मिशनची नेमणूक नाही, पगार नाही, मंडळीची शिफारस नाही. उपदेशकाचा परवाना त्यांनी पूर्वीच लाहोरच्या बिशपसाहेबांस परत केला होता, कारण एकाच पंथाच्या भिंतीत राहणे त्यांना नको होते. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडन येथे भगव्या कफनीतील ही उंच मूर्ती पाहून लोक थक्क झाले. एका घरी दार उघडणाऱ्या मोलकरणीस नाव उच्चारता येईना; तिने आत जाऊन सांगितले की, बाहेर कोणी आले आहे, आणि ते येशू ख्रिस्तासारखे दिसतात, अशी एक गोष्ट सांगतात. मे महिन्यात ते अमेरिकेस गेले, ऑगस्टात ऑस्ट्रेलियास, आणि सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा मुंबईस उतरले. नऊ महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा झाली. आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीही १९१७ साली मिशनची चाकरी सोडून संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभा केला होता. परंतु ते मे १९१९ मध्ये मुंबईत वारले. आठ महिने आणखी जगते तर त्याच मुंबईच्या बंदरावर ते या साधूस निरोप देण्यास आले असते, असे माझ्या मनात येते. असो.

१९२२ साली पॅलेस्टाईनाची इच्छा पुरी झाली. नाईल नदीवरील बांधकामांमुळे प्रसिद्धीस आलेले इंजिनियर सर विल्यम विलकॉक्स यांनी त्यांना तो देश दाखविला. तेथून स्वित्झर्लंड, जर्मनी, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड. उप्सालाचे आर्चबिशप सोडरब्लोम यांनी त्यांचा सत्कार केला. डेन्मार्कात रशियाच्या शेवटच्या सम्राटाची वृद्ध आई होती; पुत्र गेला, नातवंडे गेली, राज्य गेले. तिने साधूजवळ आशीर्वाद मागितला. तेव्हा त्यांनी तिच्या मस्तकावर हात ठेविला नाही. ज्या हातांनी देवाचे वचन जाळले ते हात आशीर्वाद देण्यास योग्य नाहीत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. अठरा वर्षांपूर्वीचे पाप त्यांना क्षमा झालेले होते, तरी ते विसरले नव्हते. ज्याच्याभोवती हजारोंची गर्दी जमते त्याने आपले हात असे पाहावे, ही सोपी गोष्ट नव्हे. आमच्या गावी अधिवेशनात चार हार गळ्यात पडले तर आम्हां पाळकांची मान किती ताठ होते, हे आपण पाहिलेच आहे.

आता त्यांनी त्या देशांत काय पाहिले ते सांगतो, कारण आपल्या मंडळ्यांत एक भोळी समजूत आहे. ज्या देशांतून मिशनरी आले ते सर्व देश म्हणजे स्वर्गाचे अंगण, असे आपल्या आजोबांना वाटे, आणि आपल्याही मनातून ते पुरते गेलेले नाही. सुंदरसिंगांना तेथे खरे भक्त भेटले. त्यांच्याविषयी ते आदराने बोलले. परंतु धावपळ, धनाचा लोभ, आणि प्रार्थनेस वेळ नाही, हे पाहून त्यांना दुःख झाले, आणि ते त्यांनी यजमानांच्या तोंडावर सांगितले. त्यांचा दगडाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. हिमालयात एका ओढ्याकाठी बसले असता त्यांनी पाण्यातून एक दगड काढून फोडला. बाहेरून ओला, आतून अगदी कोरडा. शेकडो वर्षे ख्रिस्ती धर्मात बुडून राहिलेली युरोपातील पुष्कळ माणसे त्या दगडासारखी आहेत, असे ते म्हणत.

हा दृष्टान्त वाचून मी एकदा शब्बाथशाळेच्या मुलांसमोर आमच्या ओढ्यातला एक गोटा फोडून दाखविला. आत कोरडाच निघाला. मुले हसली, आणि एका मुलीने विचारिले, "पाळकसाहेब, हा किती दिवस पाण्यात होता?" मी म्हटले, ठाऊक नाही बाई. पण घरी आल्यावर मी मोजले. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हापासून आमचे घराणे पाण्यात आहे. युरोपावर बोट दाखविणे मला त्या दिवसापासून जड जाते.

त्यांच्या तिबेटातील कथांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. १९२२ नंतर काही युरोपीय पंडितांनी व एका जेझुइट पाद्रीसाहेबांनी त्या कथांवर शंका घेतल्या. मार्बुर्गचे प्राध्यापक हाइलर यांच्यासारख्यांनी साधूची बाजू घेतली. वाद पुष्कळ दिवस चालला. कैलासावर शेकडो वर्षे जगलेल्या महर्षीची गोष्ट मी व्यासपीठावरून सांगत नाही, आणि आपण सुवार्तिकांनीही चमत्कार म्हणून ती गावोगाव सांगू नये. जे आपणांस सिद्ध करिता येत नाही त्यावर लोकांचा विश्वास उभारू नये. परंतु बर्फातल्या सोबत्याची गोष्ट, जी त्यांनी स्वतः वारंवार सांगितली, ती मी सांगतो. बर्फाच्या वादळात ते एका तिबेटी मनुष्याबरोबर चालले होते. वाटेखाली एक माणूस घसरून पडलेला दिसला. सोबती म्हणाला, याला उचलावयास थांबलो तर आपणही मरू. आणि तो पुढे गेला. सुंदरसिंगांनी खाली उतरून त्या माणसास पाठीवर घेतले. ओझ्याने अंगात ऊब आली, त्या उबेने तो पडलेलाही शुद्धीवर आला. पुढे गावाजवळ त्यांना तो पहिला सोबती आढळला. तो थंडीने गोठून मेला होता.

ही गोष्ट त्या रात्री वाचून मी पुस्तक मिटले. जो बरोबर चालत होता तो सोबती ठरला नाही. जो खड्ड्यात पडला होता तो ठरला. मास्तरांच्या प्रश्नास येथे काही उत्तर आहे, असे मला वाटले. सकाळी हे त्यांस सांगावे, म्हणजे त्यांना धीर येईल, असा बेत करून मी निजलो. आणि निजता निजता दुसरा विचार आला, तो सुखाचा नव्हता. मास्तरांनी विचारिले होते की, दुसरा कोठे आहे? ओढ्याच्या अलीकडे बसून साधूची कथा सांगणारा मी, त्या गोष्टीत कोण होतो?

साधूजी युरोपातून परतले ते शरीराने खचलेले होते. सबाथू येथे राहून त्यांनी लहान लहान पुस्तके लिहिली. १९२७ साली पुन्हा तिबेटास निघाले, परंतु आजारामुळे वाटेतून परत यावे लागले. डोळे अधू झाले होते, हृदय दुबळे झाले होते, स्नेही नको म्हणत होते. एप्रिल १९२९ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते तिबेटाच्या वाटेस लागले. पुढे त्यांचा पत्ता लागला नाही. स्नेही खिंडीपर्यंत शोधीत गेले आणि रिकाम्या हातांनी परतले.

सकाळी मी मास्तरांकडे गेलो, पण गोष्ट सांगितली नाही. सोमवारी आपण दोघे जाऊ, इतकेच म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारिले, "सोमवारी तर आपली पंचांची सभा आहे ना?" ती पुढे ढकलिली, असे मी सांगितले. पंचांना ते रुचले नाही, आणि त्यांनी ते मला बोलूनही दाखविले.

ओढ्यास गुडघाभर पाणी होते. वस्तीत आम्हांस कोणी बसा म्हटले नाही. आम्ही एका लिंबाखाली उभे राहून एक भजन म्हटले. चार पोरे जमली, एका म्हाताऱ्याने ती हाकलून दिली. परतताना शेवटच्या खोपटातून एक बाई बाहेर आली. तिचा मुलगा सात दिवस तापाने पडला होता. मास्तरांनी आत जाऊन त्याचे कपाळ चेपले, प्रार्थना केली, आणि सरकारी दवाखान्यापर्यंत त्याला पाठीवरून नेले. मी त्यांची पिशवी व वहाणा घेऊन मागून चाललो. मुलगा बरा झाला. त्या घराने अद्याप आमच्या उपासनेत पाऊल ठेविलेले नाही. मास्तर मात्र दर सोमवारी जातात, आणि ज्या सोमवारी मला जमत नाही त्या सोमवारी एकटेच जातात.