मोलीचे मीठ

डॉक्टरांनी माझे मीठ तोडले, त्याच आठवड्यात मी मोलीच्या टाकीत मीठ घालू लागलो. मोली मूळची मेक्सिकोकडची. गोड्या पाण्यात राहते, पण खाडीच्या मचूळ पाण्यात जास्त खुलते. अंडी न घालता थेट पिल्ले देते, आणि समोर आली तर खातेही! (आमच्याकडे नुसते ओरडतात.) समुद्री मीठ हळूहळू वाढवले, तशी मोलीमंडळी तरतरीत झाली. तळाशी फिरणारा एकुलता कोरीडोरास मात्र सारखा वर येऊन हवा गिळू लागला. त्याला खारे सोसत नाही. मी बहुमत मोजले : मोली सात, हा एक. प्रश्न सुटला, झोप येईना.

"अहो, त्याला वेगळी टाकी करा," ही म्हणाली. "तुमची आमटी नाही का मी वेगळी काढत?"