परत मिळालेलं राज्य



आजचं वाचन: महाभारत, सभापर्व. दुसऱ्यांदा मांडलेला द्यूताचा डाव.

पहिला डाव आपण लहानपणापासून टीव्हीवर पाहिलाय. दुसऱ्याकडे फारसं लक्ष जात नाही. द्रौपदीने वर मागून पाचही पांडवांना दास्यातून सोडवलं. त्यानंतर धृतराष्ट्राने हरलेलं राज्य आणि धन, सगळं परत देऊन टाकलं. रथ इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले, आणि वाटेतच पुन्हा खेळायचं बोलावणं आलं. यात आपला नाश आहे हे कळत असूनही युधिष्ठिर मागे फिरला.

पूर्वी हे वाचताना मला त्याचा राग यायचा. आता वाचताना माझा आतेभाऊ दिसतो.

आमचं गाव उंब्रज. तारळी जिथे कृष्णेला मिळते ते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आमच्याकडे आहे. आतेभाऊ गावातच असतो, त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मी पुण्यात कोड लिहितो. एका रात्री त्याचा फोन आला. "दादा, रमीत गेलं. तीन लाख. वसुलीवाले फोन करतायत. एवढ्या बारी भागव, परत हात लावला तर तुझं पायताण आन् माझं डोकं."

मी पंधरा मिनिटांत पैसे पाठवले. आत्याला सांगितलं नाही, उगाच तिला त्रास नको म्हणून. पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा मारुतीसमोर हात जोडताना, खरं सांगतो, भावाला वाचवल्याचं मनातून फार बरं वाटत होतं.

आठ महिन्यांनी पुन्हा फोन आला. या वेळी आकडा मोठा होता, आणि आत्याच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या.

तेव्हा लक्षात आलं की मी धृतराष्ट्र झालो होतो. राज्य परत दिलं, पण फासे त्याच्याच हातात ठेवले. कर्ज फिटलं याचा त्याने काढलेला अर्थ इतकाच, की खेळायला पुन्हा जागा झाली.

मग प्रश्न पडतो, दया म्हणजे नक्की काय? सख्ख्या माणसाच्या दारात वसुलीवाले उभे असताना हात आखडता घ्यायचा? हे कसलं भक्तिमार्गाचं वागणं?

उत्तर मला पुढे वनपर्वात सापडलं. बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची गोष्ट सांगतात. नळ फाशांवर एकेक करून सगळं हरत असतो. दमयंती आधी समजावते, प्रधानांना घेऊन येते. तो ऐकत नाही. तेव्हा ती वार्ष्णेय सारथ्याला बोलावते आणि दोन्ही मुलांना रथात बसवून माहेरी, विदर्भात कुंडिनपूरला पाठवते. जे अजून वाचवता येतं ते आधी डावापासून लांब नेते. आणि नळ नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडतो तेव्हा स्वतः त्याच्यासोबत चालू लागते. डावाला तिने काही दिलं नाही, आणि नवऱ्याला टाकलंही नाही. धृतराष्ट्राने याच्या नेमकं उलट केलं. संपत्ती दिली, सोबत दिली नाही.

"पण हे पाप की आजार?" असं माझ्या बायकोने विचारलं. नळाच्या अंगात कली शिरला होता, असं व्यास सांगतात. आजचे डॉक्टर वेगळ्या शब्दांत बोलतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराचं व्यसन दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्या रांगेत आणून बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही ते आहे. पण आजार म्हटलं की जबाबदारी संपत नाही. नळ ऋतुपर्णाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांचं मर्म शिकला, तेव्हा कली अंगातून बाहेर पडला. इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडतं. भावाला मीही वहीवर गणित मांडून दाखवलं. पैशांच्या रमीत कंपनी प्रत्येक डावातून आपला वाटा कापते. खेळत राहशील तितका कापला जाशील. गेलेलं भरून काढायला मांडलेला डाव हा कलीचा सगळ्यात आवडता डाव.

नुसतं गणित पुरत नाही हेही कळलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने मदत मागायचं टाळू नका. पण ॲप बंद झालं तरी ओढ बंद होत नाही. भावाला कुणीतरी टेलिग्रामवर दुसरी लिंक दिलीच.

मग आम्ही दमयंतीचा मार्ग धरला. सगळं आत्यासमोर बोललो, कारण लपवाछपवीत कलीचं फावतं. सगळी देणी एका कागदावर उतरवली. दुकानाचं खातं वहिनी बघते. त्याच्या फोनवरचं यूपीआय काढलं. त्याच्या हातात मी एक रुपयाही देत नाही. हप्ते त्याच्याच कमाईतून थेट देणेकऱ्याला जातात. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पहिला फोन त्याने माझ्या शेजारी बसून केला. आता तो कराडला डॉक्टरांकडे जातो, पहिले चार वेळा मी सोबत गेलो. आणि हे नीट ऐका: कर्जात बुडालेला माणूस "आता जगून काय करू" म्हणाला, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच क्षणी फोन लावा.

वनवासात युधिष्ठिर भीमापाशी एक गोष्ट कबूल करतो. दुर्योधनाचं राज्य जिंकायच्या इच्छेनेच मी फासे हातात घेतले, असं तो म्हणतो. शकुनीचं कपट आणि नशीब यांचंही तो बोलतो, पण स्वतःची इच्छा लपवत नाही. सत्यवादी धर्मराज मला या वाक्यात दिसतो.

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. "दादा, काल दोनशे रुपये लावले. हरलो. पैशासाठी फोन नाय केला, सांगायला केला."

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. मग विचारलं, "जेवलास का?"

आजचा संकल्प: अशा अडचणीतलं आपलं माणूस आठवा. त्याला आज पैसे पाठवू नका. त्याच्याकडे जा, शेजारी बसा, आणि तो पहिला फोन त्याच्यासोबत लावा. आणि ते माणूस तुम्हीच असाल, तर आज एकाला तरी खरं सांगा.

राम कृष्ण हरी.