ओळखीचे नाव आणि नोंदीचे नाव

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तालुक्यातालुक्यांच्या अभिलेख कक्षांतील मोडी दप्तरे कुणबी नोंदींसाठी चाळली जाऊ लागली, तेव्हापासून महाराष्ट्रात आडनाव हा एकाएकी इतिहासाचा पुरावा मानला जाऊ लागला आहे. समितीचे काम नोंदी शोधण्याचे होते. नोंद सापडल्यावर तिच्याशी आजच्या माणसाचे नाते वंशावळीनेच जोडावे लागते, ही गोष्ट कुणबी प्रमाणपत्रासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. सार्वजनिक चर्चेने मात्र याहून सोपी वाट धरली. एखाद्या गावी एखाद्या आडनावाची नोंद आढळली की त्या आडनावाचे यच्चयावत लोक एका कुळाचे ठरवायचे, आणि त्या कुळाला एक मूळपुरुष, एक मूळ गाव व शक्य तर उत्तरेकडील एखादे राजघराणे जोडून द्यायचे, अशा रीतीने रचलेले आडनावांचे ‘इतिहास’ आज स्नेहमेळाव्यांतून वाटले जातात आणि श्रद्धेने वाचलेही जातात. या पद्धतीची कसोटी पाहायची तर पाटील या आडनावाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही, कारण नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव-बागलाण भागापासून खानदेशापर्यंत आणि रायगडच्या किनाऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत ते इतक्या निरनिराळ्या लोकांना लागलेले आहे, की त्या सर्वांना एका पुरुषाची संतती म्हणण्यासाठी असाधारण धैर्य लागेल.

पाटील हे मुळात पद आहे, हे कोणी नाकारीत नाही. ताम्रपटांतील ‘पट्टकिल’ या शब्दाकडे बोट दाखवून व्युत्पत्तीची चर्चा संपविता येते. त्या शब्दावरून पदाचे प्राचीनत्व कळते, आज ते पद नावापुढे लावणाऱ्या घराण्याविषयी काहीच कळत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तेव्हा पाटील हा वसूल आणि बंदोबस्त या दोन्ही बाबतींत गावाचा प्रमुख होता व त्याचे पद वतनी होते. वतन म्हणजे पिढीजात अधिकार, आणि त्याच्या मोबदल्यात मिळणारी इनाम जमीन, हक्क-लाजिमे व मानपान. या वतनाचे एक वैशिष्ट्य आडनावांच्या इतिहासकारांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवले आहे. ते असे, की वतन वाटले जाई, गहाण पडे आणि विकलेही जाई. दुष्काळात किंवा सरकारी बाकी थकल्यावर अर्धी पाटीलकी दुसऱ्या घराण्याला विकल्याची पत्रे पेशवाईत आणि त्याआधीही मिळतात, आणि पोळ्याच्या दिवशी कोणाचे बैल पुढे, होळीची पोळी कोणाची आधी, कागदावर नांगराची निशाणी कोणी आधी करायची, असे सारे मानपान त्यांत काटेकोरपणे वाटून दिलेले असतात. अशा व्यवहारानंतर त्या गावात, एकमेकांशी रक्ताचा काडीचाही संबंध नसलेली दोन पाटील घराणी नांदू लागत आणि तीन पिढ्यांनंतर दोघांचीही मुले पाटीलच म्हणवून घेत. त्याशिवाय, अधिकार थोरल्या पातीकडे, म्हणजे वडील शाखेकडे, असला तरी धाकट्या पातीच्या भाऊबंदांनाही गाव पाटीलच म्हणे, ही गोष्ट वेगळीच.

आडनाव म्हणजे जातीची किल्ली, असे मानणाऱ्यांचा समाचार घेण्यात वेळ घालविण्याचे कारण नाही. लेवा, मराठा, आगरी, कोळी, जैन, लिंगायत आणि मुसलमान अशा सर्वांत पाटील सापडतात, एवढेच त्यांना सांगणे पुरे. आडनावे इंग्रजांनी निर्माण केली असे म्हणणाऱ्यांनी शिवपूर्वकाळातील एखादा महजर, म्हणजे निवाड्याचे पत्र, वाचावा. आडनाव टाकून दिल्याने जातीयता जाईल, या आशेने बीडच्या पोलीस दलात २०२५ मध्ये नामफलकांवरून आडनावे वगळली गेली. हेतू स्तुत्य आहे, पण तो या चर्चेचा विषय नाही.

ज्याचा सविस्तर परामर्श घ्यावा असे मत एकच आहे, आणि ते म्हणजे मूळपुरुषाचे. ते इतके चिवट आहे की प्रत्येक पुराव्यातून ते नवे बळ घेऊन उठते. पाटील हे पद होते हे मान्य करून त्याचे पुरस्कर्ते म्हणतात, की अमुक प्रांतातील पाटील तरी एकाच टोळीतून आले असावेत. याला पहिले उत्तर त्याच समाजाच्या विवाहव्यवहारात आहे. मराठा-कुणबी समाजात कूळ म्हणजे देवकाने ओळखला जाणारा, आपसांत सोयरीक न करणारा गट. एका देवकाच्या दोन घरांत लग्न होत नाही. पण पाटलाची मुलगी पाटलाच्याच घरी देण्याचा प्रसंग खानदेशात आणि मालेगाव-बागलाण भागात इतका नित्याचा आहे, की त्याची कोणी दखलही घेत नाही. दोन्हीकडचे लोक सोयरीक ठरवताना पाटील हे आडनाव बाजूला सारून मागचे कूळ विचारतात आणि ते पवार, निकम किंवा साळुंखे असे निघते. म्हणजे ज्या आडनावात हे मत एक रक्त पाहते, त्यात एक रक्त नाही हे ते आडनाव लावणारे लोक स्वतः प्रत्येक लग्नसराईत मान्य करतात.

दुसरे उत्तर सार्वजनिक जीवनातील तीन प्रसिद्ध पाटलांकडे पाहिले तरी मिळते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या घराण्याचे नाव पिसाळ. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मले. नवी मुंबईच्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील हे उरणजवळच्या जासईचे आगरी. या तिघांना एका वंशवृक्षावर बसविता येत नाही. आणि पाटील हे पदनाम म्हणून अपवाद ठरवावे, खरी कुळनावे तरी एकवंशीय असतात असे म्हणावे, तर तीही माघार टिकत नाही. बडोद्याचे राजे गायकवाड, आणि २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे एक अग्रणी, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब हेही गायकवाड. पवार, जाधव, मोरे, शिंदे, साळवे ही नावे अशीच कित्येक जातींतून पसरलेली आहेत. दत्तक आणि घरजावई या दोन प्रथांनी रक्ताच्या ओळी किती वेळा तुटल्या आणि नाव मात्र अखंड राहिले, याची गणती तर कोणी केलेलीच नाही.

तरीही हे मत माघार घेत नाही, आणि अलीकडे त्याने विज्ञानाचा आधार शोधला आहे. ऑक्सफर्डचे ब्रायन साईक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या इंग्रज पुरुषांची तपासणी केली. पित्याकडून पुत्राकडे जाणारे वाय गुणसूत्र त्यांपैकी निम्म्याहून थोड्या कमी लोकांत एकाच प्रकारचे निघाले आणि त्यावरून त्या नावाचा मूळपुरुष एकच असावा असा निष्कर्ष त्यांनी काढला. मूळपुरुषवादी हे उदाहरण मोठ्या आनंदाने देतात, पण त्यापुढचे पान उलटत नाहीत. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये चाळीस ब्रिटिश आडनावांचे सोळाशेहून अधिक पुरुष तपासले, तेव्हा विरळ आडनावांत एकवंशीयता पुष्कळ आढळली. स्मिथसारख्या अतिप्रचलित आडनावाच्या लोकांत मात्र, वाटेल तसे निवडलेल्या लोकांत असते तेवढीच जवळीक निघाली. कारण उघड आहे. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार प्रत्येक गावात होता, जसा पाटील होता. आयर्लंडात तर गोष्ट आणखी पुढे गेली. १४६५ च्या कायद्याने डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या भागांतील आयरिश लोकांनी एखादे गाव, रंग, कसब किंवा हुद्दा यावरून इंग्रजी आडनाव घ्यावे असे फर्मावले. पुढच्या शतकांत मॅक गव्हनसारखी नावे स्मिथ होऊन गेली. कॉलिन्स या आडनावात निकोलस या नावाच्या लाडक्या रूपापासून निघालेले इंग्रज नाव आणि ओ कोइलॉन हे आयरिश घराणे एकाच स्पेलिंगखाली येऊन मिळाले. एकाच आडनावाच्या पाटीमागे निरनिराळे वंश असणे ही काही मराठी विकृती नव्हे.

या सगळ्या गोंधळाचे मूळ एका भेदाकडे झालेल्या दुर्लक्षात आहे. ओळखीचे नाव वेगळे आणि नोंदीचे नाव वेगळे. ओळखीचे नाव म्हणजे एखाद्या माणसाला इतरांतून निराळा काढण्यासाठी भोवतालच्या लोकांनी वापरलेले नाव. ते स्थळसापेक्ष असते आणि स्थळ बदलले की बदलते. नोंदीचे नाव म्हणजे कोणत्या तरी दप्तरात एकदा लिहिले गेल्यामुळे पुढच्या सर्व पिढ्यांना चिकटलेले नाव. ते मूळ कारण विसरून जाते. कुसुमाग्रजांचे शिरवाडकर हे आडनाव निफाड तालुक्यातील शिरवाडे गावावरून आले, पण शिरवाड्यात राहणाऱ्या कोणाला शिरवाडकर म्हणण्याचे कारण नव्हते. गाव सोडून परगावी गेलेल्यालाच ते लागते, म्हणून ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव स्थलांतराचा पुरावा असते, मूळ वास्तव्याचा नव्हे. त्याच तालुक्यात निफाडला १८४२ साली जन्मलेले महादेव गोविंद रानडे मात्र निफाडकर झाले नाहीत, कारण त्यांच्या घराण्याला आधीच एक पक्के नाव होते. येवल्याच्या रामचंद्र पांडुरंग येवलेकरांची गोष्ट याच्या उलट आहे. घराण्याचे नाव मागे पडून तात्या टोपे या ओळखीच्या नावानेच ते इतिहासात नोंदले गेले आणि तेच पुढच्यांचे आडनाव झाले.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या या भेदाच्या सीमेवर उभ्या आहेत. रामकुंडावर आलेल्या यात्रेकरूला प्रथम गाव विचारले जाते, मग आडनाव आणि त्यानंतर वडील, आजोबा व भाऊबंद यांची नावे लिहून घेतली जातात. ही नोंद आहे खरी, पण यात्रेकरूने स्वतः सांगितलेल्या नात्यांची. तिच्यात आडनाव हे केवळ पान सापडण्याचे साधन असून वंशाचा भार गाव आणि पितृनाम यांनी उचललेला असतो. सरकारी दप्तरांची रीत वेगळी. महसुली पाहणी, १९०३ च्या कायद्याने सुरू झालेली हक्कनोंदणी, जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक आणि शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर यांना माणसाच्या नावाला एक ठरावीक रकाना हवा होता आणि तो भरताना लिहिणाऱ्याने समोरचा जे सांगेल किंवा गाव जे म्हणेल ते लिहिले. म्हणून एकाच घरातील थोरला भाऊ शाळेत पाटील म्हणून नोंदला गेला आणि धाकट्याच्या सातबाऱ्यावर पवार राहिला, असे घडले. या रकान्याचे सामर्थ्य समजण्यासाठी ७ नोव्हेंबर १९०० ची एक नोंद पुरेशी आहे. सकपाळ घराण्यातील, आंबडवे हे मूळ गाव असलेल्या कुटुंबातील एका मुलाचे नाव त्या दिवशी सातारच्या शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे लिहिले गेले, आणि पस्तीस वर्षांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा करणारा माणूस जगाला त्याच नावाने माहीत झाला.

हा भेद मान्य केला की पाटलांविषयी विचारण्याचा प्रश्नच बदलतो. पहिला पाटील कोण होता, हा प्रश्न निरर्थक ठरतो, कारण प्रत्येक गावाला त्याचा स्वतःचा पहिला पाटील होता. अमुक घर पाटील म्हणून कोणत्या दप्तरात, कोणत्या साली आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिले गेले, हा प्रश्न मात्र सोडविता येण्याजोगा आहे. त्याचे उत्तर कधी वतनाच्या विक्रीपत्रात सापडेल, कधी शिक्षकाच्या हस्ताक्षरात, तर कधी राजपत्रात छापलेल्या नावबदलाच्या जाहिरातीत. १ जानेवारी १९६३ पासून महाराष्ट्रात महसुली पाटलाचे पद कायद्याने संपले आणि ‘पोलीस पाटील’ या नेमणुकीच्या पदाला वतनाचा आधार उरला नाही; तेव्हा यापुढे पदावरून नवा पाटील निर्माण होण्याची वाट बंद झाली. तरी ते आडनाव नव्याने घेणारे संपलेले नाहीत, कारण आता ते नाव पूर्णपणे नोंदीच्या हाती गेले आहे आणि नोंदीला अर्ज व प्रतिज्ञापत्र एवढेच लागते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिण्याचा जो नियम झाला, त्यानेही आडनावाच्या रकान्याला हात लावलेला नाही. मालेगावचा पाटील आणि जासईचा पाटील यांची तुलना करणाऱ्याने म्हणूनच आधी दोन्ही गावांची दप्तरे स्वतंत्रपणे वाचावीत, आणि त्यांतून दोन वेगळे इतिहास निघाले तर ते तसेच, वेगळे, लिहून ठेवावेत.