न्यायाधीशांचा हिशेब



एलूल महिना लागला की शब्बाथला शोफ्तीम हा परशा वाचला जातो. प्रत्येक नगराच्या वेशीत न्यायाधीश नेमावे, त्यांनी तोंड पाहून न्याय करू नये, लाच घेऊ नये, अशी मोशे रब्बेनूंची आज्ञा त्यात आहे. आम्ही शिक्षक असताना मुले हमखास विचारीत, "सर, न्यायाधीशच चुकला तर?"

तोराने हा प्रश्न टाळलेला नाही. वयिक्राच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे, की सर्व समाज चुकला तर वडीलजनांनी गोऱ्ह्याच्या डोक्यावर हात ठेवून परमेश्वरासमोर उभे राहावे. वरिष्ठ न्यायसभेने चुकीचा निवाडा दिला तर काय, याचा विचार ज्ञानी पुरुषांनी याच आज्ञेवरून केला. अर्थात, सर्वांत उंच आसनालाही हिशेब चुकत नाही.

हॉलंडमध्ये आम्स्टरडॅम येथे १६७५ सालच्या पोर्तुगीज सिनेगॉगशेजारी व्हिसर यांच्या नावाचा चौक आहे. लोडेवाइक व्हिसर हे यहुदी गृहस्थ १९३९ पासून त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष होते. १९४० साली जर्मनांनी देश व्यापला. आपण आर्य आहोत की यहुदी, हे लिहून देण्याचा हुकूम सुटला, आणि न्यायाधीशांनी तो बहुमताने मानला. नोव्हेंबरात व्हिसर यांना आसनावरून दूर केले. त्यांच्यासाठी एकाही सहकाऱ्याने राजीनामा दिला नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये व्हिसर वारले. त्या काळी न्यायालय कमी पडले, ही कबुली त्याच न्यायालयाच्या अध्यक्षांनी उघडपणे दिली ती २०११ साली!

आज तेथे सरकारला आपल्या मर्जीने न्यायाधीश काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयातील प्रॉक्युरेटर-जनरल मागणी करतो व तेच न्यायालय निर्णय देते. राज्यकर्त्याच्या लहरीपासून न्यायाधीशाचे रक्षण झालेच पाहिजे; व्हिसर यांची कथा तेच सांगते. पण आपल्याच सोबत्यांचा न्याय करावयाचा, तर केवळ कायदा पुरत नाही, छातीही लागते.

तालमुदात एक गोष्ट आहे. यान्नाई राजाच्या दासाने खून केला. राजा न्यायसभेत येऊन बसला. शिमोन बेन शेताह म्हणाले, "राजा, उभा राहा." राजा म्हणाला, "तुझे सोबती सांगतील तसे करीन." शिमोन उजवीकडे वळले, सोबत्यांनी जमिनीकडे पाहिले. डावीकडे वळले, तेथेही तेच. पुढे राजाचा न्याय करूच नये, असा नियम झाला. पाहा, सोबत्यांच्या माना खाली गेल्या आणि कायदाच आखूड झाला!

बंधुभगिनींनो, आपणांपैकी कोणी न्यायाधीश नसेल. पण मंडळाच्या सभेत, सिनेगॉगच्या हिशेबात, घरच्या वाटणीत आपण शिमोनच्या उजव्याडाव्या हातालाच बसलेले असतो. एखादा मनुष्य एकटा उभा राहून खरे बोलतो, तेव्हा आपली नजर कोठे असते? एलूलमध्ये सेलिहोथला उठताना हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारू या. मान वर ठेवण्याचे बळ परमेश्वर आपणां सर्वांस देवो. आमेन.