बियाण्याची परंपरा

आपल्या वारकरी संप्रदायात परंपरेला केवढा मान! अभंग या मुखातून त्या मुखात आला म्हणून टिकला. घरचे बियाणे हीही तशीच परंपरा. ते या हातातून त्या हातात येते. ती परंपरा आपल्या डोळ्यांदेखत तुटते आहे आणि आपण माळकरी शेतकरी स्वस्थ आहोत, याचे आम्हांस नवल वाटते.

पूर्वी पीक उभे असतानाच घरची माउली भरदार कणसे हेरून ठेवी. ती वेगळी वाळवायची, बियाला राख चोळायची, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरायचे नि तोंड शेणामातीने लिंपायचे. ज्वारीत तूर, बाजरीत मटकी-हुलगा; पावसाने एकाला दगा दिला तरी दुसरे पदरात पडे. शेजाऱ्याचे बी हुकले तर पायली काढून द्यावी, त्याने सुगीला सवाईने परत करावी. हा व्यवहार होता आणि धर्मही होता.

संकरित बियाण्याला आम्ही नावे ठेवीत नाही. टंचाईत त्याने धान्य दिले. पण त्याचे दाणे पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दरसाल दुकानाची पायरी. शिवाय मुलूखभर एकच कुळी असली की रोगाला रान मोकळे. १९७० साली अमेरिकेत बहुतेक संकरित मक्याचे मातृकुळ एकच होते. त्यावर करपा पडला नि देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले.

कोणी म्हणेल, सरकारने बी जपलेय की! खरे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत ४ लाखांवर नमुने थंडीत ठेवलेले आहेत, आणि ते हवेतच. पण पोथी रुमालात बांधून ठेवणे निराळे, पारायण निराळे. बदलत्या पावसाशी जुळते घ्यायचे तर बी मातीतच पडावे लागते. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत; पण भाताचे, वाल-घेवड्याचे गावठी वाण त्यांनी गोळा केले, पेरले, वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

कायद्याची भीती नको. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा नि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी छाप मारून विकता येत नाही, एवढेच.

तेव्हा कार्तिकीला येताना घरच्या एका वाणाचे मूठभर बी फडक्यात बांधून आणा. मुक्कामी भजन आटोपले की वाणाचे नाव, जमीन कसली लागते, किती दिवसांत येते, हे सांगून दुसऱ्याच्या ओंजळीत घाला. ज्याच्या घरी काहीच उरले नसेल, त्याने रिकामे फडके आणावे.