काठ कोणाच्या नावे?

गेल्या कार्तिकी एकादशीला राणीसावरगावात कीर्तन झाले. बुवांनी त्याग या विषयावर छान निरूपण केले. घरी येताना मुलाने मला विचारले, “बाबा, ओढ्याकाठची जमीन तुम्ही सोडली, ती तुमची होती. पण माझ्या वाटणीची कशी सोडता?” त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

माझे शेत उताराचे आहे. खालच्या अंगाला ओढा. वडील काठाच्या बऱ्याच अलीकडे औत वळवायचे. मी ट्रॅक्टर आणला आणि पार काठापर्यंत नांगरू लागलो. दोन तास जास्त निघतात, एवढाच हिशेब. दर पावसाळ्यात काठ थोडा थोडा ढासळत गेला. गढूळ पाण्याबरोबर माझी माती, टाकलेला युरिया, फवारलेले औषध, सगळे ओढ्यात. शेवटी काठापासून तीस फूट रुंद आणि तीनशे फूट लांब पट्टा मी पडीक सोडला. करंज, उंबर, जांभूळ, काठाशी बांबू लावला, वरच्या बाजूला गवत वाढू दिले. गवताने पाण्याचा वेग मोडतो, गाळ तिथेच बसतो, खतातले बरेचसे गवत आणि मुळ्या पिऊन घेतात. मुळ्यांनी काठ धरला जातो. हिशेबाने ती सव्वाआठ गुंठे जमीन होते. लहान शेतकऱ्याला सव्वाआठ गुंठे म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आपण वारकरी पाण्याशी फार जवळचे. आधी चंद्रभागेचे स्नान, मग दर्शन. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि उजनीमार्गे तेच पाणी पंढरीला चंद्रभागा होऊन येते. म्हणजे इंद्रायणी स्वतःच वारी करते. वाटेत तिच्यात आपण काय काय सोडतो, ते आळंदीला फेस पाहिलेल्याला ठाऊक आहे. आमच्या ओढ्याचे पाणी पंढरीला जात नाही, ते शेवटी गोदावरीला मिळते. पण जनाबाईंचे गंगाखेड त्याच गोदेच्या काठी आहे. खालच्या गावाला ज्या पाण्यात तीर्थ दिसते, त्यात वरच्या गावाने माती आणि औषध सोडावे, हा कोणता धर्म?

इथवर मुलालाही पटते. त्याची अडचण पुढची आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराचे पाणी डोंगराळ कॅट्स्किल भागातून येते. मोठा खर्चिक शुद्धीकरण प्रकल्प उभारण्याऐवजी शहराने 1997 साली वरच्या गावांशी करार केला. ओढ्याकाठी झाडांचे पट्टे राखणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला मिळतो. काही मालक कायमचा लेखही करून देतात. जमीन त्यांचीच राहते, विकता येते, वारसांना जाते. मात्र लिहून दिलेल्या मर्यादा पुढच्या प्रत्येक मालकाला पाळाव्या लागतात. आपल्याकडे 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा आहे, पण तो एका जमिनीच्या सोयीसाठी दुसऱ्या जमिनीवरून वाट किंवा पाणी नेण्यासारख्या हक्कांचा. ओढ्याच्या भल्यासाठी काठ कायमचा बांधून द्यावा, अशी सरळ वाट त्यात नाही. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने 2017 साली गंगा-यमुनेला व्यक्तीचा दर्जा दिला होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

मग ज्याला विचारलेच नाही, त्या नातवाला आपल्या शब्दात बांधावे काय?

सज्जनहो, मुलाची बाजू हलकी नाही. फायदा खालच्यांना आणि तोटा एकट्या शेतकऱ्याला, याला त्याग म्हणून गोड नाव देणे बरे नव्हे. ज्याचे पोटच त्या गुंठ्यांवर आहे, त्याला त्यागाचे कीर्तन ऐकवण्याआधी पाणी पिणाऱ्यांनी मोबदला द्यावा. न्यूयॉर्कच्या करारातली ही गोष्ट मला न्यायाची वाटते.

पण दुसरी बाजूही पाहा. मी काठापर्यंत नांगरत होतो तेव्हा नातवाला विचारले होते का? वाहून गेलेली माती त्याला परत मिळणार नाही. तोही कायमचाच लेख होता, फक्त तो कागदावर नव्हता. काहीही केले तरी आपण पुढच्यांना बांधतोच. राखलेला काठ नातवाला नको वाटला तर त्याला नांगर घालता येईल. गेलेला काठ हवा वाटला तर आणता येणार नाही. म्हणून राखण्याचे बंधन हे बुडवण्याच्या बंधनापेक्षा हलके आहे.

आणि देवाच्या नावे जमीन असते, हे आपल्याला नवे नाही. कायदा मूर्तीला मालक मानतो, पुजारी-विश्वस्त फक्त सांभाळणारे. तरी देवस्थानच्या जमिनींवर अतिक्रमणे झालीच. कागद हवा, पण नुसत्या कागदाने देवाचेही राखले जात नाही. वारी कुठल्या खरेदीखतात लिहिलेली आहे? तरी ती घराघरांत बापाकडून मुलाकडे येते. बापाने मुलाच्या गळ्यात माळ बळेच घालून ती टिकत नाही. मुलगा बरोबर चालला, तरच टिकते.

म्हणून मी मुलावर हुकूम केला नाही. त्याला भर पावसात ओढ्यावर नेले. शेजारच्या उघड्या काठाचे पाणी आणि आमच्या गवतातून उतरणारे पाणी त्याने पाहिले. तो म्हणाला, “पंधरा फूट राहू द्या, बाकीचे बघू.” मी तीसवर आहे, तो पंधरावर. बोलणे चालू आहे, आणि तोवर जांभळे वाढत आहेत.

आपल्यापैकी ज्याचे शेत पाण्याला लागून आहे, त्याने एकदा पावसात काठावर उभे राहावे, आणि बरोबर मुलाला न्यावे. रामकृष्ण हरी.