खाट आणि काठी

(उत्पत्ति ४७ : ३१, इब्री लोकांस पत्र ११ : २१)



आपला पूर्वज याकोब ह्याच्या अखेरच्या दिवसांविषयी पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी लिहिले आहे. ती दोन्ही स्थळे शेजारी ठेवून वाचली असता वाचकास थोडा अचंबा वाटतो. उत्पत्तीच्या पुस्तकात वृद्ध याकोब आपल्या खाटेच्या उशाकडे लवून देवास नमन करितो. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तोच याकोब आपल्या काठीच्या टोकावर टेकून भजन करितो. मग तो खाटेवर होता, की काठीच्या आधाराने होता?

ह्याचा उलगडा फार कठीण नाही. प्राचीन इब्री लिखाणात बहुतकरून व्यंजनेच लिहीत असत. स्वरांची चिन्हे पुढे कित्येक शतकांनी घालण्यात आली. 'मित्ता' म्हणजे खाट आणि 'मत्ते' म्हणजे काठी. ह्या दोन्ही शब्दांची व्यंजने अगदी एकच आहेत. इब्री पंडितांनी तेथे खाट असे वाचिले. त्यांच्या पूर्वी ज्यांनी ग्रीक भाषांतर केले त्यांनी काठी असे वाचिले. आणि पत्राचा लेखक त्या भाषांतरास अनुसरला. खरे कोणते, ह्याचा वाद आम्ही येथे मांडीत नाही. परंतु त्या एका शब्दात जणू प्रत्येक वृद्ध मनुष्याचे घर आम्हांस दिसते. तेथे एका भिंतीशी खाट आहे, दुसऱ्या भिंतीशी काठी उभी आहे. आणि रोज सकाळी त्या मनुष्यास ठरवावे लागते की, आज हात कोणीकडे न्यावयाचा.

हा विषय आम्ही उगाच काढिला नाही. आमच्या हाती असलेल्या मंडळ्यांपैकी एकीत एक वृद्ध उपदेशक आहेत. तरुणपणी ते चार गावे पायी फिरून शाळा व भजन चालवीत. एका पावसाळ्यात न्हाणीच्या ओल्या दगडावरून त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही. पण मन मोडले. पुन्हा पडू ह्या भयाने त्यांनी खाट धरिली. मुले व सुना प्रेमळ. त्यांनी पाणी, भाकर, सर्व काही खाटेवर आणून दिले. आम्हीही त्यांस भेटावयास गेलो, उशाशी बसून प्रार्थना केली, आणि म्हणालो, "दादा, आपण पुष्कळ श्रमलात; आता देवाने आपणांस विसाव्यासाठी बाजूस काढिले आहे." हे शब्द आम्हांस फार सांत्वनाचे वाटले. दीड महिन्याने पाहतो तो त्यांच्या मांड्या सुकल्या होत्या, उठवून बसविले की डोळ्यांपुढे अंधारी येई, आणि वचन पाठ म्हणावयास सांगितले तर ते भिंतीकडे तोंड फिरवीत.

त्या दिवशी आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाई तेथे आल्या होत्या. त्या आपल्या मंडळीच्या नव्हेत. त्या आम्हांस अंगणात घेऊन म्हणाल्या, "पाळकसाहेब, आजोबांचे हाड मोडले नव्हते, पण आता ही खाट त्यांना मोडते आहे." बंधूंनो, त्या वाक्याने आम्हांस आमचा दोष दिसला. ज्यास आम्ही विसावा म्हटले तो विसावा नव्हता. शरीराचे बळ वापरल्याने टिकते. आणि म्हातारपणी तर थोड्या दिवसांच्या निजण्यानेही पायांतील मांस इतके झडते की, ते परत मिळविण्यास त्याहून कितीतरी अधिक दिवस लागतात. आम्ही प्रेमाने बोललो खरे, पण अज्ञानाने बोललो. आणि पाळकाच्या अज्ञानाचे मोल त्या वृद्धास भरावे लागले.

ह्यास्तव याकोबाच्या काठीपासून तीन गोष्टी शिकू या.

पहिली गोष्ट ही की, काठी घेणे ही लाज नव्हे. याकोब तरुणपणी यार्देन उतरला तेव्हा त्याच्याजवळ काठीखेरीज काही नव्हते, असे तो स्वतः देवापुढे कबूल करितो. पुढे पनीएलाजवळ त्याच्या जांघेस स्पर्श झाला, आणि तो लंगडत चालू लागला. आशीर्वाद मिळाला, आणि लंगडेपणही मिळाले. आपल्यापैकी कित्येकांस वाटते की, गुडघे दुखणे, कानांनी कमी ऐकू येणे, डोळ्यांवर पडदा येणे ही देवाच्या नाराजीची खूण आहे. असे मुळीच नव्हे. पंडिता रमाबाई इ.स. १८८३ मध्ये इंग्लंडास गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूने. पण कानांच्या अधूपणामुळे तो बेत त्यांस सोडावा लागला. म्हणून त्या स्वस्थ बसल्या काय? केडगावी शेकडो अनाथांची आई होऊन, उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, त्यांनी सगळ्या शास्त्राचे मराठीत भाषांतर केले, आणि इ.स. १९२२ च्या एप्रिलात त्यांचे देहावसान झाले त्याच्या थोडेच आधी ते काम पुरे झाले. देवाने त्यांचे कान बरे केले नाहीत. पण त्यांचे हात शेवटपर्यंत कामात ठेविले.

दुसरी गोष्ट ही की, काठी चालण्यासाठी आहे. भिंतीस टेकून ठेवण्यासाठी नव्हे. आमचे कित्येक वृद्ध जन म्हणतात, "प्रभूची इच्छा असेल तसे होईल, औषधपाण्याची यातायात कशास?" त्यांनी हिज्कीया राजाचे आजारपण वाचावे. राजाने भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली. देवाने ती ऐकून त्याच्या आयुष्याची १५ वर्षे वाढविली. आणि त्याच वेळी यशयाने अंजिरांचा लेप आणून गळवावर बांधावयास सांगितले. प्रार्थना झाली म्हणून लेप टाकून दिला नाही, आणि लेप लाविला म्हणून प्रार्थना व्यर्थ झाली नाही. मिरजेस इ.स. १८९४ मध्ये डॉ. वान्लेस ह्यांनी रुग्णालय उभारिले, तेही ह्याच विश्वासाने.

तेव्हा थोडे घरगुती बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने इ.स. २०२० मध्ये सांगितले आहे की, ६५ वर्षांवरील माणसांनीही आठवड्यास निदान १५० मिनिटे झपाट्याने चालण्यासारखी हालचाल करावी, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी तोल व बळ राखण्याचा अभ्यास करावा. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास. तोही एकदम नको, सकाळी थोडा, सायंकाळी थोडा. ज्यास इतके साधत नाही त्याने साधेल तितके करावे. काहीच न करण्यापेक्षा अंगणात चार फेऱ्या बऱ्या. खुर्चीवरून किंवा खाटेवरून हातांचा आधार न घेता उठण्याचा व बसण्याचा सराव करावा. दाराची चौकट धरून एका पायावर क्षणभर उभे राहावे. ज्यांस हृदयाचा विकार आहे त्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. आणि चालताना छातीत दुखले किंवा दम कोंडला तर कोणीही लगेच थांबून उपचारास जावे.

निजून उठताना घाई करू नये. काही वेळ काठावर बसावे, मग उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. न्हाणीचा दगड घासून शेवाळ काढावे, रात्री उंबऱ्याशी दिवा असू द्यावा. बरे वाटले म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तो आजार बहुधा मुकाट्याने राहतो आणि अकस्मात घात करितो. एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, किंवा शब्द अडखळू लागले, तर अंगारा किंवा तेल शोधीत बसू नये. त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण मेंदूतील गाठ विरघळविण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते. मधुमेह असलेल्यांनी रोज सायंकाळी आपली पावले पाहावी अथवा नातवंडांकडून पाहून घ्यावी. त्यांची जखम पुष्कळदा दुखत नाही, म्हणूनच ती घातक. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेस भिऊ नये. आणि खर्चाची चिंता असेल तर जाणावे की, इ.स. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजना ७० वर्षे पुरी झालेल्या सर्वांस, उत्पन्न न पाहता, खुली केली; तीत वर्षास पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार होतात. मंडळीतील लिहित्यावाचत्या तरुणांनी आपल्या वृद्धांची कार्डे काढून द्यावी; हीही सेवाच आहे.

तिसरी गोष्ट तरुणांसाठी आहे. रफीदीम येथे लढाई चालली असता मोशेचे हात जड झाले. तेव्हा अहरोन व हूर ह्यांनी काय केले? "आपण तंबूत जाऊन निजा, आम्ही पाहून घेतो," असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी त्याच्या बसण्यास धोंडा आणिला, आणि दोहों बाजूंनी त्याचे हात धरिले. लढाई पाहण्याचे व हात वर करण्याचे काम मोशेचेच राहिले. सुनांनो, मुलांनो, हे ध्यानात घ्या. सासूबाईंच्या हातातून निवडण्याचे सूप काढून घेणे हे नेहमीच प्रेम नव्हे. त्यांस बसावयास पाट द्या, पाठीस आधार द्या, पण सूप त्यांच्या हाती राहू द्या. ज्यास घरात काही काम उरले नाही, त्यास सकाळी उठण्याचे कारणही उरत नाही.

तथापि कोणी ह्यावरून असे समजू नये की, जे खरोखर उठू शकत नाहीत त्यांस आम्ही दोष देतो. खाटेचाही काळ आहे. याकोबाने शेवटी आपले पाय खाटेवर ओढून घेतले, आणि तो आपल्या लोकांस जाऊन मिळाला. परंतु त्याआधी योसेफ आला आहे हे ऐकताच तो बळ धरून उठून बसला. डोळ्यांनी दिसत नव्हते तरी नातवांच्या डोक्यांवर हात ठेविले. आणि उजवा हात कोणावर ठेवावयाचा हे त्या अंधुक डोळ्यांच्या म्हाताऱ्यास डोळस योसेफाहून बरे कळले. खाटेवरही आशीर्वाद देण्याचे काम असते. अशा रुग्णास दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, शक्य तर टेकून बसवावे, त्यास ऐकू जाईल अशा आवाजाने वचन वाचावे, आणि त्याच्याकडून प्रार्थना मागावी. आपण त्याच्यासाठी प्रार्थना करितोच, पण त्यास विचारा, "दादा, आज आमच्यासाठी प्रार्थना कराल काय?"

आमच्या त्या उपदेशकांचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. आम्ही त्यांच्याकडे जाऊन आमचे बोलणे परत घेतले आणि क्षमा मागितली. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "काठी कोठे आहे बघा." पहिल्या दिवशी दोघांनी धरून त्यांस उभे केले, तेवढेच झाले. आठ दिवसांनी ते उंबऱ्यापर्यंत आले. देवळापर्यंत ते आजही जाऊ शकत नाहीत. कदाचित ह्या लोकी जाणारही नाहीत. परंतु रोज सायंकाळी ते काठी टेकीत ओट्यावर येऊन बसतात, आणि गल्लीतील मुले त्यांच्यापुढे दहा आज्ञा म्हणतात. ज्याची चूक होते त्यास ते काठीने अंगणातील निंबाचे झाड दाखवितात. त्याने त्यास एक फेरी मारून यावयाचे. एके दिवशी ते स्वतःच एक आज्ञा विसरले. मुलांनी हसून निंबाकडे बोट केले. आणि दादा काठी घेऊन उठले.

वाचकहो, हा अंक ज्याच्या घरी वाचला जाईल त्याने वाचून झाल्यावर घरातील वृद्धाकडे पाहावे. त्याची काठी कोठे आहे? त्याच्या हाताशी आहे, की कोणी अडगळीत टाकिली आहे? ती शोधून पुसून त्याच्या हाती द्यावी, आणि आपला खांदा दुसऱ्या बाजूस द्यावा.

हे आमच्या पूर्वजांच्या देवा, आमचे केस पिकले तरी तू आम्हांस टाकीत नाहीस म्हणून आम्ही तुझे उपकार मानितो. आमच्या वृद्धांच्या गुडघ्यांस बळ दे, आमच्या तरुणांच्या हातांस धीर दे, आणि आम्हां पाळकांच्या जिभेस ज्ञान दे. जोपर्यंत तू काठी दिली आहेस तोपर्यंत आम्हांस चालव; आणि खाट दिलीस तर तीवरही आम्हांस नमन करावयास शिकव. ख्रिस्त येशूच्या नावाने मागतो. आमेन.